मार्गारेट हॅलो नावाची बाई नव्हतीच

शिरड शहापूरला चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक गोष्ट मला सारखी ऐकावी लागते. फोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलच्या प्रेयसीचं नाव होतं मार्गारेट हॅलो. त्याने पहिला फोन तिला लावला, तिचं नाव घेतलं आणि तेव्हापासून सारं जग फोन उचलून 'हॅलो' म्हणतं. ऐकणारे माना डोलावतात.

ही गोष्ट साफ खोटी आहे.

बेलचा पहिला फोन 10 मार्च 1876 चा, बॉस्टनमधला. पलीकडे प्रेयसी नव्हती, शेजारच्या खोलीत बसलेला त्याचा मदतनीस थॉमस वॉटसन होता. बेलने त्याला 'इकडे ये' असं सांगितलं, ते त्याच्या वहीत नोंदलेलं आहे. पुढे फोनवर हाक मारायला बेलला 'अहॉय' हा खलाशांचा शब्द आवडायचा. 'हॅलो'चा आग्रह धरला एडिसनने. 15 ऑगस्ट 1877 च्या पत्रात त्याने पिट्सबर्गच्या एका कंपनीप्रमुखाला कळवलं, की 'हॅलो' दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतं, त्यामुळे वेगळी घंटा लागणार नाही.

आणि शब्द? छापील इंग्रजीत तो 1820 च्या दशकापासून आहे. शंका असेल त्याने ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडावा. बेल जन्मला 1847 साली. शब्द त्याच्याहून वीसेक वर्षांनी थोरला!

बेलने 11 जुलै 1877 ला लग्न केलं ते मेबल हबर्डशी. पाच वर्षांची असताना लाल तापाने तिचं ऐकणं गेलं होतं. ती बेलची विद्यार्थिनी. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणं हा त्याचा पेशा होता. नवऱ्याच्या फोनवरचा एक शब्दही तिला कधी ऐकू आला नाही. अशा खऱ्या बाईला पुसून तिच्या जागी एक बनावट मार्गारेट उभी करायची, याचा मला संताप येतो.

ऑक्टोबर 2022 पासून राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. त्यावर कुणाचं मत काहीही असो, मार्गारेटचा दाखला त्यात आणू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

सगळं जग 'हॅलो'च म्हणतं? नाही. मेक्सिकोत 'बुएनो' म्हणतात, स्पेनमध्ये 'दीगा'. 'दीगा' म्हणजे आपलं 'बोला'.

'राम राम' म्हणजे 108? र 27 वा, आ 2 रा, म 25 वा. 54 ची दुप्पट 108, बेरीज बरोबर आहे. पण अभिवादन त्यातून निघालं याला पुरावा नाही.

'जय जिनेंद्र'मधला जिनेंद्र एकच देव? नाही. आपल्या गावच्या मंदिरातले मल्लिनाथही जिनेंद्र, महावीरही.

'जय भीम' ही नुसती घोषणा? नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी 1930 च्या दशकात ते भेटल्यावर म्हणायचं अभिवादन म्हणून रुजवलं.

मराठीत 'हाऊ आर यू' नाही? 'काय म्हणता, बरं आहे ना?', 'जेवण झालं का?' हे मग काय आहे?

पुढच्या वेळी कुणी मार्गारेटची गोष्ट सांगितली, तर त्याला शांतपणे मेबलचं नाव सांगा.