मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा माग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुलामी संपुष्टात येत असताना मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला आले आणि पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबईहूनही जहाजं सुटली. त्यांतून गेलेल्या कोकणी-घाटी माणसांचे वंशज आजही तिथं गणपती बसवतात, जाखडीच्या वळणाची झाकरी नाचतात. त्यांतले काही जण मूळ गाव शोधत महाराष्ट्रात येतात. शोध बहुतेकदा अडतो तो पुढील समजुतींमुळे.

गैरसमज : गरीब मजुरांची नोंद कोण ठेवणार?

वस्तुस्थिती : भरपूर ठेवली गेली. मजुराला मळ्याशी बांधून ठेवायचं तर तो कोण, कुठला, कोणाकडे कामाला आहे हे सरकारला माहीत असावं लागे. म्हणून उतरल्याबरोबर प्रत्येकाला क्रमांक मिळे. नोंदवहीच्या एका ओळीत क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज, आल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं, एवढा तपशील सापडू शकतो. १८६७च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरांना छायाचित्र लावलेलं ओळखपत्र बाळगणं सक्तीचं केलं. माणसावर पाळत ठेवण्यासाठी काढलेला तो फोटो आज कित्येक घरांत पूर्वजाचा एकमेव चेहरा आहे. या नोंदवह्या मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत.

गैरसमज : आडनावावरून मूळ घराणं सापडेल.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा नाही. वहीत आडनाव नसे. माणसाचं आणि बापाचं नाव असे. पुढे त्यांतलंच एखादं नाव कुटुंबाचं आडनाव झालं. त्यामुळे तिथल्या आडनावाचा कोकणातल्या ‘-कर’ आडनावांशी मेळ बसेलच असं नाही. शिवाय कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलं. लक्ष्मणचा ‘लुचमन’, रत्नागिरीचं ‘रुटनाघेरी’. एकच माणूस दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळला तर दचकू नये. नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. शोध क्रमांकावरून करावा.

गैरसमज : कागदावर ‘मुंबई’ आहे, म्हणजे पूर्वज मुंबईचा.

वस्तुस्थिती : मुंबई हे चढण्याचं बंदर होतं. गाव वेगळ्या रकान्यात बघावं लागतं, आणि ते आजच्या नकाशावर टाकण्याआधी जुनी हद्द तपासावी लागते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी मालवण, देवगड रत्नागिरीतच मोडत. रायगड तेव्हा कुलाबा होता. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग हे तालुके आज त्या नावांनी उरलेले नाहीत. ‘मराठा’ अशी नोंदही सावधपणे वाचावी. परमुलखात ती पुष्कळदा भाषेची आणि प्रांताची ओळख म्हणून लागली.

गैरसमज : सगळ्यांना फसवून नेलं आणि गेलेला कोणी परतला नाही.

वस्तुस्थिती : फसवणूक झाली, हाल झाले, हे खरंच. पण आधी जाऊन आलेले सरदार, म्हणजे मजुरांचे मुकादम, आपल्याच गावचे, भावकीतले लोक घेऊन पुन्हा निघत. म्हणून एकाच जहाजावरची आसपासच्या क्रमांकांची माणसं जरूर तपासावीत. तिथं भाऊ, मेहुणा किंवा शेजारी सापडू शकतो. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक मायदेशी परतले.

गैरसमज : बायकांचा माग लागत नाही.

वस्तुस्थिती : बाहेरून आलेल्या स्त्रीलाही स्वतंत्र क्रमांक मिळे, तिच्या बापाचं आणि गावाचं नाव लिहिलं जाई. बेटावर जन्मलेल्या मुलांना मात्र असा क्रमांक नसे. त्यांच्यासाठी तिथल्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी पाहाव्या लागतात.

गैरसमज : डीएनए चाचणी केली की गाव कळतं.

वस्तुस्थिती : चाचणी फार तर नातं जुळवते, प्रदेशाचा अंदाज देते. वाडीचं नाव ती सांगू शकत नाही. त्यासाठी इकडचे कागदच लागतात : मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार, तहसिलातली कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या), जुने फेरफार, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, छापील कुलवृत्तान्त. १८५०च्या सुमारास गेलेल्या माणसाचा जन्म कोतवाल बुकात सहसा मिळणार नाही, पण मागे राहिलेल्या भावाच्या पुढच्या पिढ्या मिळू शकतात. त्यातलं बरंच मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत हवा.

या शोधाला व्यवहारातही किंमत आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी पात्र ठरवल्याची घोषणा केली. त्यासाठी पूर्वजाशी नातं सांगणारा कागद हाती असावा लागतो.

उद्या कोणी मॉरिशसहून एक नाव, बापाचं नाव आणि गाव घेऊन तुमच्या दारी आलं, तर ‘इतकं जुनं कुणाला ठाऊक’ म्हणून परत पाठवू नका. घरातली वंशावळ काढा, वडीलधाऱ्यांना विचारा, जुन्या फेरफारांवर नजर टाका. तिकडच्या वहीत त्या माणसाची अर्धी हकीगत आहे. उरलेली अर्धी आपल्याकडे आहे, आणि ती शोधून देणं हे आपलं काम आहे.