मरुकाक आणि माहुलचा कावळा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, माहुलच्या खाडीत ओहोटी लागली म्हणजे तिवरांपुढील चिखलात कावळ्यांच्या दोन जाती दिसून येतात : राखी मानेचा गावकावळा (कॉर्व्हस स्प्लेंडेन्स) आणि सर्वांगी काळा, जाड चोचीचा डोमकावळा. डोमकावळ्याची जुनी पिसे उन्हाने विटून तपकिरी दिसू लागतात. अशा वेळी ग्रंथांतील वर्णनावर विसंबणाऱ्या नवशिक्या अभ्यासकास कॉर्व्हस रुफिकॉलिस या वाळवंटी जातीचा भास होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या जातीस आपण 'मरुकाक' म्हणू.

मरुकाकाची लांबी 50 ते 56 सेंटिमीटर, म्हणजे गावकावळ्याहून स्पष्टपणे अधिक असते. डोके व मान यांवर काशाच्या रंगाची तपकिरी झाक असून उर्वरित पिसारा चकचकीत काळा असतो. परंतु रंग ही दुय्यम खूण होय. उडताना दिसणारे लांब, निमुळते पंख व पाचरीसारखी शेपटी यांवरून तो निश्चित ओळखता येतो. डोमकावळ्याचे पंख रुंद व शेपटी गोलसर असते.

केप व्हर्दे बेटांपासून सहारा, अरबस्तान व इराणमार्गे पाकिस्तानच्या पश्चिम भागापर्यंत, तसेच मध्य आशियात मरुकाकाचा वास आहे. कड्यांच्या कपारीत किंवा एकाकी झाडावर तो घरटे बांधतो. मृत जनावरे, टोळ, सरडे, खजूर असे जे मिळेल ते तो खातो. मनुष्याच्या तळाजवळील उष्टेखरकटेही तो सोडत नाही. मात्र त्यावाचून त्याचे अडत नाही.

गावकावळ्याचे नेमके येथेच अडते. मनुष्यवस्ती सोडून तो सहसा राहत नाही. जहाजांवरून त्याने समुद्र ओलांडले आणि तांबड्या समुद्रावरील बंदरांत, मरुकाकाच्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर, तो जाऊन पोहोचला. झांझिबारमध्ये तर 1890 नंतरच्या दशकात कचरा नाहीसा व्हावा म्हणून तो मुद्दाम नेण्यात आला. तेथील व केनियाच्या किनाऱ्यावरील स्थानिक पक्ष्यांची अंडी व पिल्ले त्याच्या भक्ष्यस्थानी पडू लागली, आणि 2024 मध्ये केनियाने दहा लक्ष कावळे नष्ट करण्याचा संकल्प जाहीर केला.

समुद्र ओलांडणाऱ्या या पक्ष्यास वाळवंट मात्र ओलांडता आले नाही. अधिवासाची सीमा केवळ हवामान ठरवीत नाही, अन्नाचा आधारही ती ठरवितो, हे यावरून ध्यानी येते. म्हणून माहुल येथे केवळ कावळ्यांची संख्या मोजून भागणार नाही. वस्तीतील उकिरड्यापासून ते किती अंतरापर्यंत पसरतात, हेही नोंदविले पाहिजे. तिवरांतील पक्ष्यांचे रक्षण करावयाचे झाल्यास आरंभ कावळ्यापासून न करता कचऱ्यापासून करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.