शेतातच सरणारे अन्न (लेखांक 4) : कांद्याची मान

मागील लेखांकात धान्याच्या काढणीतील गळतीचा विचार झाला. धान्य वाळले की बऱ्याच अंशी स्थिरावते. कांदा मात्र काढल्यानंतरही श्वसन करणारा जिवंत कंद असल्याने त्याची साठवण ही त्याला झोपवून ठेवण्याची कला ठरते. नाशिक जिल्ह्यात मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी, म्हणजे रब्बी कांदा चाळीत भरला जातो आणि खरीप कांदा फारसा टिकत नसल्याने नवे पीक येईपर्यंत बाजाराची भिस्त याच चाळींवर राहते.

चाळीतील नुकसान तीन प्रकारचे असते : वजनातील घट, सड आणि कोंब. पारंपरिक साठवणुकीत चार-सहा महिन्यांत या तिन्हींची बेरीज 30 ते 40 टक्क्यांपर्यंत जाते. त्यांतील सर्वांत मोठा वाटा वजनघटीचा असतो. परंतु ही घट मुख्यतः पाण्याची असल्याने ती शेतकऱ्याच्या खिशाला जितकी लागते तितकी खाणाऱ्याच्या ताटाला लागत नाही, हा भेद आकडेवारीत सहसा पुसला जातो. खाण्याजोगा कांदा खऱ्या अर्थाने वाया जातो तो सडीमुळे, आणि सडीचे मूळ पुष्कळदा चाळीत नव्हे, तर वावरात असते.

निम्म्या झाडांच्या माना पडल्या की कांदा काढणीस आला असे मानतात. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे लागते आणि नत्राचा हप्ता लागवडीनंतर दोन महिन्यांच्या आत संपवावा लागतो, कारण उशिरा दिलेल्या युरियाने मान जाड राहते. उपटलेला कांदा पातीसह वावरातच अशा रीतीने पसरतात की एका ओळीची पात शेजारच्या ओळीतील कांद्यांवर येते आणि ऊन थेट कंदाला लागत नाही. तीन ते पाच दिवसांत पातीतील रस कंदात उतरतो, मान आवळते आणि बुरशीचे दार बंद होते. त्यानंतर सुमारे एक इंच मान ठेवून पात कापायची आणि कांदा आणखी दहा-पंधरा दिवस सावलीत सुकवायचा, असा क्रम आहे. प्रत्यक्षात अवकाळी पावसाचे ढग दिसू लागले की हिरवी पात त्याच दिवशी कापली जाते. मजुरी एकरावर उक्ती ठरलेली असली तर कापणाऱ्या बायकांनाही थांबणे परवडत नाही.

अशा उघड्या मानेचा कांदा उत्तम चाळीतही सडतो. तळातून व बाजूंनी हवा खेळती ठेवणारी, चार-पाच फुटांहून उंच थर न लावलेली चाळ उपयोगी आहेच. तथापि अनुदान बांधकामाला मिळते, सुकवणीच्या त्या दोन आठवड्यांना आणि त्यासाठी लागणाऱ्या सावलीला मिळत नाही, ही धोरणातील उणीव म्हटली पाहिजे. लासलगावचे ‘कृषक’ विकिरण केंद्रही कोंब रोखू शकते. सड त्याच्या आवाक्यात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2019 मध्ये जगातील अन्नहानीचा अंदाज सुमारे 14 टक्के दिला, तो काढणीनंतरपासून किरकोळ विक्रीच्या अलीकडपर्यंतचा. भाव कोसळल्यावर काढणीचा खर्चही निघत नाही म्हणून उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला जातो. तो कांदा काढलेलाच नसल्याने या हिशेबात कोठेही धरला जात नाही.