तळ्याकाठच्या मुक्कामाची सत्तर वर्षे

ब्रह्मपुरीकडच्या माणसाने उन्हाळ्यात पाण्याकाठी मुक्कामाचा बेत केला की ताडोबा नाहीतर घोडाझरी ही नावे आधी निघतात. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. या काळात बेताचे स्वरूपच पालटले. पूर्वी ताडोबा तळ्याजवळच्या वनविश्रामगृहात रात्र काढणे हा सहलीचा गाभा असे. आता आगाऊ नोंदणी, जिप्सी, गेटची वेळ, आणि सूर्यास्ताला बाहेर. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने थांबवले. ते पुन्हा सुरू झाले ते कडक नियमांसह. तळे सामान्य माणसाच्या हातून गेले आणि सफारीच्या खर्चाने महाग झाले, अशी तक्रार होते. खर्चाची तक्रार रास्त आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांसाठी तरी काही फेऱ्या स्वस्त हव्यातच. मुक्काम बंद झाला तो मात्र योग्यच झाला. ज्या जंगलातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठवली, तिथे पाहुण्यांनी रात्री राहायचे हे कोणत्या न्यायाने? शिवाय एप्रिल-मे महिन्यांत नाले आटले की उरलेल्या पाण्यावर रात्री जनावरांचाच हक्क असतो.

म्हणून मुक्कामाचा ओघ बाहेर वळला. नागभीड तालुक्यातला घोडाझरी तलाव ब्रिटिश अमलात धानाच्या सिंचनासाठी बांधला गेला, आणि भोवतालचे जंगल २०१८ मध्ये अभयारण्य झाले. ताडोब्याहून उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाणाऱ्या वाघांची वाट याच भागातून जाते. इथे तंबू ठोकायचे ठरवताना आपण अजून १९६० सालासारखाच विचार करतो: सावली कुठे, पाणी किती, गारवा केव्हा. चंद्रपुरात २००७ च्या जूनमध्ये पारा ४९ अंशांवर गेला होता. ब्रह्मपुरीही देशातल्या तापलेल्या गावांच्या यादीत वारंवार असते. तेव्हा जंगलातल्या फेरीसाठी पहाट आणि तिन्हीसांज निवडली जाते. पण आधी मोहफूल आणि मग तेंदूपत्ता, यांसाठी गावातली बायामाणसे त्याच पहाटे जंगलात शिरतात. दुपारपर्यंत पाने आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर द्यायचे, यावर घरची वर्षाची मोठी रोकड अवलंबून असते. वाघाच्या हल्ल्यांत जीव जातात ते बहुतेक अशा कष्टकऱ्यांचे. गाड्यांच्या वर्दळीने जनावर बिचकून दुसरीकडे वळले, तर धोका पाने तोडणाऱ्याला असतो, तंबूतल्याला नव्हे.

यावर म्हणतील, पर्यटनानेच गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या पोरांना वाटाड्याचे, चालकाचे काम दिले. ते रोखून गावांचे काय भले? ते काम टिकावेच. मात्र मुक्कामाचे दिवस आणि जागा गावाने ठरवाव्यात, ही अपेक्षा अवास्तव नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि ग्रामसभेने जंगलाच्या भल्यासाठी तेंदूपत्त्याचे उत्पन्न स्वतःहून सोडले, बांबूवर भर दिला. एवढा कठीण निर्णय घेणारी ग्रामसभा तंबूंच्या तारखाही ठरवू शकते. तेंदूच्या पंधरवड्यात तळ्याकाठचे मुक्काम बंद, एरवी तंबू गावाकडच्या काठावर, आणि सकाळची फेरी पाने तोडणारे परतल्यावर: घोडाझरीचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी नागभीडच्या वनकार्यालयात याच तीन अटींवर ग्रामसभांबरोबर बैठक व्हायला हवी.