आघात तरंग चिकित्सा

शरीराबाहेर निर्माण केलेले तीव्र दाबाचे ध्वनितरंग त्वचेतून आत पाठवून कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोरीसारखे चिवट ऊतक), हाडे व त्वचा यांच्या रेंगाळलेल्या विकारांवर जो उपचार करतात, त्याला ‘आघात तरंग चिकित्सा’ म्हणतात. यात चिरफाड करावी लागत नाही व शरीरात कोणतेही उपकरण घालावे लागत नाही. ‘आघात’ या शब्दामुळे रुग्णाला विजेचा धक्का देतात असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. आघात असतो तो दाबाचा. मूत्रपिंडातील खडा फोडण्यासाठी ही पद्धत प्रथम वापरात आली. खडा फोडणाऱ्या तरंगानेच दुखावलेले ऊतक बरे व्हावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. या विसंगतीचा उलगडा अद्याप अंशतःच झालेला आहे आणि चिकित्सेविषयीच्या मतभेदांचे मूळही काही प्रमाणात तेथेच आहे.

तरंगाचे स्वरूप : सामान्य ध्वनितरंगात दाब लयबद्धपणे कमीजास्त होत राहतो. आघात तरंगात मात्र दाबाची एकच लाट असते. दाब काही नॅनोसेकंदांत (१ नॅनोसेकंद = सेकंदाचा एक अब्जांश भाग) शिखराला पोहोचतो. हा शिखरदाब १० ते १०० मेगॅपास्काल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सु. १०० ते १,००० पट असतो. त्यानंतर दाब त्या मानाने सावकाश उतरून क्षणभर ऋण होतो, म्हणजे ऊतकावर ताण पडतो. हा सर्व प्रकार काही मायक्रोसेकंदांत आटोपतो. ऋण दाबाच्या टप्प्यात ऊतकातील द्रवात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात व ते फुटताना आसपासच्या कोशिकांना (पेशींना) जोराचे हिसके बसतात.

पाणी व मृदू ऊतके यांचा ध्वनिसंरोध (ध्वनितरंगाच्या मार्गात माध्यमाकडून होणारा विरोध) जवळजवळ सारखा असल्याने तरंग पाण्यातून शरीरात फारशी ऊर्जा न गमावता शिरतो. जेथे संरोध एकदम बदलतो, उदा., मृदू ऊतक व हाड यांच्या सीमेवर, तेथे त्याचा काही भाग परावर्तित होतो आणि ऊर्जा त्या सीमेवर खर्च होते. खडा फुटतो पण भोवतालचे ऊतक बव्हंशी शाबूत राहते, ते यामुळेच. हवेचा संरोध तर इतका अल्प आहे की, हवेच्या पातळ थरावरूनही जवळजवळ सर्व तरंग मागे फिरतो. म्हणून उपकरणाचे तोंड व त्वचा यांमध्ये जेली लावावी लागते.

उपकरणे : तरंग तीन प्रकारे निर्माण करतात. पाण्यात दोन विद्युत् अग्रांमध्ये ठिणगी पाडून, वेटोळ्यातील विद्युत् प्रवाहाच्या स्पंदाने धातूचा पडदा झटक्यासरशी लोटून किंवा खोलगट तबकडीवर बसविलेल्या दाबविद्युत् स्फटिकांना एकाच वेळी प्रसरण पाववून. पहिल्या प्रकारात लंबवर्तुळाकार परावर्तकाने, दुसऱ्यात भिंगाने वा परावर्तकाने व तिसऱ्यात तबकडीच्या वक्रतेने तरंग एका केंद्रावर एकवटतात. केंद्राजवळ १ चौ. मिमी. क्षेत्रातून एका स्पंदात जाणारी ऊर्जा ही मात्रेचे माप मानतात. साधारणतः ०.०८ मिलिजूलपर्यंतची मात्रा मंद व ०.२८ मिलिजूलपेक्षा अधिक असलेली तीव्र समजली जाते.

‘अरीय’ म्हणून ओळखली जाणारी उपकरणे वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्यांत दाबाखालील हवेने धातूची एक लहान गोळी नळीतून वेगाने ढकलली जाते व ती टोकाच्या बोंडावर आदळते. या आदळण्याने उत्पन्न होणारी दाबलाट त्वचेपासून आत पसरत जाते व खोलीबरोबर क्षीण होते. तिचा प्रभाव सु. ३ ते ४ सेंमी. पर्यंत राहतो. भौतिकीच्या काटेकोर व्याख्येनुसार तिला आघात तरंग म्हणता येत नाही, कारण तिचा दाब कमी असतो आणि तो चढण्यास हजारो पट अधिक वेळ लागतो. ही उपकरणे स्वस्त व हाताळण्यास सोपी असल्याने त्यांचा प्रसार मोठा आहे. एका प्रकारच्या यंत्राने मिळालेले निष्कर्ष दुसऱ्याला सर्रास लावले जातात, ते मात्र योग्य नाही.

इतिहास : स्वनातीत वेगाच्या विमानावर पावसाचे थेंब आदळले असता त्याच्या पृष्ठाखालील पदार्थात आघात तरंग पसरतात व त्याची हानी होते. जर्मनीतील फ्रीड्रिखसहाफेन येथील डॉर्निअर या विमाननिर्मिती संस्थेत या प्रश्नाचा अभ्यास चालू असता हे तरंग जिवंत शरीरातूनही जातात, हे ध्यानात आले. पुढे म्यूनिक येथे ख्रिस्तिअन शॉसी व त्यांचे सहकारी यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णाचा मुतखडा या रीतीने फोडला. त्यावेळी रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवावे लागे. श्रोणीजवळील खडे फोडताना हाडाला इजा होईल की काय, हे पाहण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यात आले. इजेऐवजी नवे हाड तयार झाल्याचे त्यांत दिसले. बल्गेरियातील व्हालचानोव्ह व मिखाइलोव्ह यांनी न जुळणाऱ्या अस्थिभंगांवर हा उपचार केल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत टाचदुखीसाठीच्या उपकरणाला २००० मध्ये व मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांसाठीच्या उपकरणाला २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

कार्यपद्धती : जुनाट कंडराविकारात दाहापेक्षा झीजच मुख्य असते. तंतूंची रचना विस्कटलेली असते व भरून येण्याची क्रिया अर्धवट थबकलेली असते. कोशिकांवर पडणाऱ्या यांत्रिक ताणाचे त्या रासायनिक संदेशांत रूपांतर करतात. मात्रा माफक असल्यास या संदेशांमुळे नव्या केशवाहिन्यांची वाढ होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. तैवानमध्ये सशांच्या कंडरा व हाड यांच्या सांध्यावर केलेल्या प्रयोगांत अशा वाहिन्या स्पष्ट दिसल्या. वेदना वाहून नेणाऱ्या सूक्ष्म तंत्रिका तंतूंवरही परिणाम होतो. माणसातील वेदनाशमनात यांपैकी कशाचा वाटा किती, हे निश्चित सांगता येत नाही.

उपयोग व परिणाम : जुनाट वेदनेवरील उपचाराचे मूल्यमापन अवघड असते, कारण अशी दुखणी कालांतराने आपोआपही कमी होतात आणि यंत्राचा खडखडाट रुग्णाचा विश्वास वाढवितो. म्हणून काही रुग्णांवर खरा व काहींवर लुटुपुटीचा उपचार करून, कोणाला कोणता मिळाला हे त्यांना न सांगता तुलना करावी लागते. टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या चिवट पट्ट्याचे दुखणे हा या चिकित्सेचा सर्वांत परिचित उपयोग होय. त्यावरील ऑस्ट्रेलियातील १६६ रुग्णांच्या चाचणीत (२००२) दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण त्यांत फरक आढळला नाही. जर्मनीतील २७२ रुग्णांच्या चाचणीत (२००३) १२ आठवड्यांनी यशाचे प्रमाण ३४ व ३० टक्के होते. या चाचणीत जागा बधिर केली होती. बधिरतेमुळे परिणाम घटतो, असे पुढील अभ्यासांत दिसल्याने तिच्यावर आक्षेप घेण्यात आला. बधिर न करता अरीय उपकरण वापरलेल्या २४५ रुग्णांच्या चाचणीत (२००८) वेदना सरासरीने ७२.१ टक्के घटली. लुटुपुटीच्या उपचारानेही ती ४४.७ टक्के घटली. हा दुसरा आकडा विसरून पहिलाच सांगितला, तर चिकित्सेचे यश फुगवून दिसते. दुखणे नवीन असताना तर तळव्याचा पट्टा ताणण्याचा घरगुती व्यायाम या उपचाराहून सरस ठरला आहे.

खांद्याच्या कंडरेत कॅल्शियमाचे साठे होऊन दुखत असल्यास लाभ अधिक स्पष्ट असतो. १४४ रुग्णांच्या चाचणीत (२००३) तीव्र मात्रेने मंद मात्रेपेक्षा व दोहोंनी लुटुपुटीच्या उपचारापेक्षा चांगला गुण आला, साठेही विरघळले. तथापि खांद्याच्या कंडराविकारांवरील सर्व चाचण्यांच्या २०२० मधील समीक्षेत रुग्णाला जाणवेल इतका लाभ थोडाच आढळला. कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्यात (टेनिस कोपर) निष्कर्ष निराशाजनक आहेत. न जुळणाऱ्या लांब हाडांच्या बाबतीत इटलीतील १२६ रुग्णांच्या अभ्यासात (२००९) सहा महिन्यांनंतरचे फळ शस्त्रक्रियेइतकेच होते. त्यात लुटुपुटीच्या उपचाराचा गट मात्र नव्हता.

श्राव्यातीत ध्वनीचा उपचार याहून निराळा आहे. त्यात १ किंवा ३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे अखंड वा खंडित तरंग वापरतात व दाब फारच कमी असतो. मोडलेले हाड लवकर जुळावे म्हणून रोज २० मिनिटे अतिमंद श्राव्यातीत तरंग देण्याची पद्धत अमेरिकेत १९९४ पासून मान्य होती. पण नडगीच्या हाडाच्या अस्थिभंगाच्या ५०१ रुग्णांच्या चाचणीत (२०१६) तिचा उपयोग दिसला नाही.

उपचाराची रीत : सर्वांत दुखरी जागा दाबून शोधतात, जेली लावतात आणि सु. १,५०० ते २,००० स्पंद देतात. आठवड्याच्या अंतराने साधारणतः तीन बैठका होतात. उपचार चालू असताना दुखते. नंतर काही काळ लाली, सूज किंवा बारीक रक्ताळलेले ठिपके राहतात. गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या बैठकीनंतर लगेच वाटणाऱ्या आरामावरून अनुमान काढू नये. रक्त गोठण्याचा दोष, गर्भारपण व उपचाराच्या जागी मारक अर्बुद (कर्करोगाची गाठ) असल्यास हा उपचार करीत नाहीत. तीव्र मात्रा मेंदू, पाठीचा कणा व वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांजवळील कूर्चा यांपासून दूर ठेवतात. फुप्फुस तरंगाच्या मार्गात येता कामा नये, कारण तेथे ऊतक व हवा यांच्या असंख्य सीमा असतात आणि तरंगाची ऊर्जा त्या सीमांवर खर्च होऊन नाजूक भिंती फाटतात.