नाणेनिधीची तागडी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लहानमोठ्या प्रत्येक राष्ट्राला एक मत असते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मात्र मते मोजली जात नाहीत, तोलली जातात. कर्ज देणाऱ्या संस्थेत भांडवल पुरविणाऱ्याचा शब्द चालावा, हे समजण्याजोगे आहे. आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीला. राष्ट्रांचे वाटे नव्याने ठरविण्यास ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेपाशी सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत. साहजिकच, इतर सारी राष्ट्रे एकवटली तरी अमेरिकेच्या संमतीवाचून पान हलत नाही. २०१० साली मान्य झालेली सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या होकारासाठी पाच वर्षे ताटकळली आणि २०१६ च्या जानेवारीत अमलात आली. २०२३ च्या डिसेंबरात वाटे ५० टक्क्यांनी वाढविण्याचे ठरले. पण सर्वांचे सारख्याच प्रमाणात! म्हणजे तागडी होती तिथेच राहिली.

१९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेस गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. सोव्हिएत रशिया निधीबाहेर राहिल्याने परतंत्र भारतही तेव्हा पहिल्या पाच वाटेकऱ्यांत गणला गेला. आज भारताचा वाटा पावणेतीन टक्के असून क्रमांक आठवा आहे. व्यवस्थापकीय संचालकपदी तर आजवर युरोपीय व्यक्तीचीच नेमणूक होत आली आहे.

कर्जाच्या अटी ज्यांना पाळाव्या लागतात, त्यांनाच त्या ठरविताना जेमतेम आवाज असावा, हा न्याय नव्हे. दुबळ्या राष्ट्रांना शिस्तीचे धडे देणाऱ्या संस्थेने आधी स्वतःची तागडी सरळ करावी.