आपल्या पोरांच्या नशेवर संशोधन कोण करणार?

मुळशी तालुक्यातील चांदे हे गाव आता नावापुरतेच खेडे उरले आहे. हिंजवडीचे आयटी पार्क काही किलोमीटरवर आले, शेजारच्या नांद्यापर्यंत इमारती उभ्या राहिल्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर होते त्यांच्या हाती एकरकमी पैसा पडला. त्यांच्या पोरांचे पुढे काय झाले, ते २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने दाखविले. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हते, त्यांच्या पोरांवर मात्र कुणी चित्रपट काढला नाही. ती पोरे बांधकामावर, भंगारात, गाड्या धुण्यात लागली. पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, मावा, गुटखा हे सारे त्यांना शाळेच्या दप्तरापेक्षा लवकर हाती लागते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे टपरीवाल्याला सांगून पाहा, तो हसेल!

याच पट्ट्यातील एका आईने आम्हांला एकदा विचारले, "वकीलसाहेब, पोराला पोलीस सोडतील हो. पण दवाखान्यात कुठल्या नेऊ?" पोरगा चौदा वर्षांचा. मोबाईल चोरल्याचा आळ, खिशात सोल्युशनची ट्यूब. बाल न्याय मंडळापुढे काय म्हणायचे ते आम्हांला ठाऊक होते, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला तीन आठवडे लागले. लहान मुलांच्या विभागाने सांगितले, नशेची केस आहे, व्यसनमुक्तीला न्या. व्यसनमुक्ती केंद्राने सांगितले, अठराच्या खालचा आम्ही दाखल करीत नाही. दोघांचेही चुकले असे आम्ही म्हणत नाही. पहिल्याला मुले कळत होती, व्यसन कळत नव्हते. दुसऱ्याला व्यसन कळत होते, पण ते मोठ्या माणसाचे. दोन्ही कळणारा माणूस पुणे जिल्ह्यात कुठे बसतो, हे दोघांनाही सांगता आले नाही.

हा प्रश्न एका आईचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला. दारू, गांजा, अफू या नशा मोठ्यांत अधिक आहेत. हुंगायच्या नशेचे प्रमाण मात्र मोठ्यांत ०.५८ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट आहे. या नशेपायी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार, आणि अशी मुले जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. या प्रश्नात न्यायालयालाही लक्ष घालावे लागले. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी निकाल देऊन, सहा महिन्यांत सर्वेक्षण करा आणि चार महिन्यांत राष्ट्रीय कृती आराखडा करा, असे बजावले होते.

यावर कुणी म्हणेल, केंद्रे काढा म्हणजे झाले. केंद्रे काढलीच पाहिजेत. १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले, तेव्हा दारुड्याला आजारी मानायलाही समाज तयार नव्हता. ते काम मोठे आहे. पण लहान मुलाची नशा ही मोठ्याच्या नशेची छोटी आवृत्ती नव्हे. मेंदूचा लगाम धरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. त्या आधी सुरू झालेली नशा अधिक घट्ट बसते. नशेमागे कुणाला लक्ष न लागण्याचा आजार असतो, कुणाला नैराश्य, कुणाला घरातली मारहाण. मोठ्यांवर पारखलेली औषधे पोराला किती द्यावीत, द्यावीत की नाही, हे त्याच वयाच्या मुलांवर अभ्यास झाल्याखेरीज कळत नाही. तो अभ्यास करायला बालमनोविकार आणि व्यसन ही दोन्ही शास्त्रे शिकलेला, वर संशोधनाची शिस्त अंगी बाणवलेला डॉक्टर लागतो, आणि असा डॉक्टर मुद्दाम घडवावा लागतो. अमेरिकेत बालमनोविकारतज्ज्ञांच्या अकादमीने तेथील राष्ट्रीय अंमली पदार्थ संशोधन संस्थेशी मिळून हेच केले. तरुण बालमनोविकारतज्ज्ञ निवडायचा, त्याला ज्येष्ठ मार्गदर्शक द्यायचा, काही वर्षे पगाराची सोय करून रुग्णसेवेच्या रेट्यातून संशोधनासाठी मोकळे करायचे.

आपल्या देशात काहीच नाही असे नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बालमनोविकाराचा डी.एम. अभ्यासक्रम आहे, दिल्लीच्या एम्समध्ये व्यसनोपचाराचा आहे. निम्हान्सच्या डॉ. विवेक बेनेगल यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजशी मिळून 'सी-वेदा' नावाचा मोठा अभ्यास उभा केला. सहा ते तेवीस वयाच्या हजारो मुलामुलींना व्यसनाकडे ओढणारे काय असते, हे तपासणारा. त्याची सात केंद्रे. बंगळुरूत दोन, शिवाय म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंदीगड, कोलकाता आणि इम्फाळ. महाराष्ट्रात एकही नाही! शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवी दारूवरचा उपचार पारखला. २०१७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काम अव्वल, पण त्यातले रुग्ण अठरा ते पासष्ट वयाचे पुरुष होते. चांद्याचा चौदा वर्षांचा पोरगा त्यातही बसत नाही.

आता आपल्या लोकांनी कान देऊन ऐकावे असा मुद्दा. डी.एम. हा अतिविशेष अभ्यासक्रम. या स्तरावर आरक्षण देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात म्हटले. म्हणजे एम.बी.बी.एस.ला, एम.डी.ला आरक्षणातून पोचलेला आपला मुलगा वा मुलगी नेमक्या त्या दारात थांबते, जिथून संशोधक तयार होतात. त्या आधीचा रस्ताही सरळ नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी कन्येचे २०१९ साली काय झाले, ते वाचकांना सांगायला नको. मग आपल्या वस्तीतल्या पोरांच्या नशेचा अभ्यास करणार कोण? आणि वस्तीबाहेरच्याने केला, तर तो काय विचारणार? पोराचा बाप दारू पितो का, हे तो विचारील. पोरगा सकाळी कोणाचे भंगार वेचतो, शाळेत त्याला कुठे बसवतात, गावच्या टपरीवाल्याची पाठ कोण राखतो, हे त्याच्या प्रश्नावलीत असेल काय? जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्याचे उत्तर कोणत्याही आकडेवारीत निघत नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. तीन वर्षे पैसा, आणि परतल्यावर बडोद्याची नोकरी करण्याचा करार. बडोद्यात त्यांच्या वाट्याला जे आले ते आले. पण एका माणसाला काही वर्षे निर्धास्तपणे संशोधन करू दिले तर काय होते, हे आपल्याहून अधिक कोणाला समजावे? पुण्यातच बार्टी आहे. तिची अधिछात्रवृत्ती पीएच.डी. करणाऱ्यांना मिळते. तशीच पाच-दहा खास अधिछात्रवृत्ती अनुसूचित जातींच्या एम.डी. मनोविकारतज्ज्ञांना मुलांच्या व्यसनावरील संशोधनासाठी द्यावी, अशी आमची मागणी आहे. यात कायद्याची अडचण आम्हांला दिसत नाही. गंमत अशी की केंद्रात आणि राज्यातही व्यसनमुक्तीचे खाते सामाजिक न्याय विभागाकडेच आहे. शिष्यवृत्तीही त्याच दारात आणि व्यसनमुक्तीही त्याच दारात, पण दोन टेबलांची गाठ नाही.

जाता जाता आपल्या कार्यकर्त्यांची एक खोडही सांगितली पाहिजे. पाचवे शील आपण विहारात म्हणतो, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ते आपले मोठेच बळ आहे. पण पोरगा नशेला लागला की "बौद्ध म्हणवता आणि हे काय?" म्हणून त्या आईलाच चारचौघांत खाली मान घालायला लावतात. मग ती पोराला लपवते, आणि उपचाराची वेळ निघून जाते. शील मोडले म्हणून उपदेश करावा असा हा विषय नाही, हा आजार आहे.

कायद्यानेही तो आजार मानला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू व अंमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था येतात. कलम ८७ प्रमाणे अज्ञानाला दाखल करायचे तर अपवादात्मक स्थितीतच, मोठ्यांपासून वेगळे ठेवून, आणि मंडळाला ७२ तासांत कळवून. मुलांना नशेचे पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात दोन तरुण अभियंते मेले, तेव्हा अल्पवयीन मुलाच्या जामिनातील तीनशे शब्दांच्या निबंधाची देशभर चेष्टा झाली, ती योग्यच. पण त्याच आदेशात दारू सोडण्याच्या उपचाराची आणि मनोविकारतज्ज्ञाच्या समुपदेशनाचीही अट होती. ऐपतदार बाप तसा डॉक्टर विकत आणू शकतो. हीच अट चांद्याच्या पोराला घातली, तर ती पाळायची कुठे?

त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये, मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न शासनाने दहा वर्षांत करावा, असे लिहिले आहे. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. ती दहा वर्षे मे २०२८ मध्ये संपतात. देशात लाखामागे मनोविकारतज्ज्ञ एकही भरत नाही, पाऊणच पडतो. तेव्हा वाचकांनी माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सक व आरोग्य विभागाला विचारावे: पुणे जिल्ह्यात सरकारी बालमनोविकारतज्ज्ञ किती? अठराखालील मुलासाठी व्यसनोपचाराच्या वेगळ्या खाटा किती आणि कुठे? कलम ३१ खाली आजवर किती जणांना प्रशिक्षण दिले? अर्ज मराठीत चालतो. फी दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही.